गेट आधी की पैसे आधी?

आपल्या हॉस्टेलमधल्या बहुतेक पोरांनी आयुष्यात कधी टोल भरलेला नाही. दुचाकीला टोल नाही, एसटीत बसलं की तो दिसत नाही, आणि चारचाकी आपल्यापैकी कितीजणांकडे आहे ते पार्किंग बघून कळतंच! तरीपण टोल या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस मला मेसमध्ये अजून भेटायचा आहे. ताटात आमटी पडायच्या आधी वाद सुरू होतो आणि भात संपला तरी तो संपत नाही.

त्याला कारणही आहे म्हणा. पेठ वडगावात राहायचं म्हणजे किणी नाक्याच्या शेजारी राहायचं. वडगावातून वाठारला हायवेवर आलं की दोन वाटा. डावीकडे वळलं की कोल्हापूर, टोल नाही. उजवीकडे वळलं की जरा पुढे किणी, आणि टोल. म्हणजे रंकाळ्यावर भेळ खायला जायचं तर फुकट आणि कराडला मावशीकडे जायचं तर पैसे. पुण्याला जाणाऱ्या इथल्या लहान पोरांना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर ही चार नावं पाढ्यासारखी पाठ असतात.

यंदा सेमिनारसाठी मी 'महामार्गावरील इलेक्ट्रॉनिक टोलवसुली' हा विषय घेतला. इ अँड टीसीचा विद्यार्थी, नाका जवळ, मामांचा टेम्पो रोज नाक्यावरून जाणारा. म्हटलं, सोपं जाईल. विषय सांगितल्याबरोबर सरांनी एकच प्रश्न विचारला, "गेट आधी उघडतं की पैसे आधी कापले जातात?" वर्गात दोन्ही बाजूंनी आवाज आले. सर म्हणाले, "शोधून ये, मग स्लाइड दाखव." हा एक प्रश्न मला महिनाभर पुरला. त्यात जे सापडलं त्यातलं निम्मं सेमिनारमध्ये बसलं नाही, म्हणून ते इथं लिहितोय.

आधी मामांची ओळख. माझे मामा वडगावचे. त्यांच्याकडे एक छोटा हत्ती आहे. (बाहेरगावच्या मित्रांसाठी: हत्ती म्हणजे प्राणी नव्हे, टाटा एस!) सोमवारचा बाजार झाला की भाजीपाला भरून कराडकडे, कधी त्याच्याही पुढे. या धंद्यात एका फेरीला सुटतात किती, तर घरात सांगायला लाज वाटेल इतके. मामांची एक लाल कव्हरची वही आहे. तिच्यात प्रत्येक फेरीचे तीन रकाने: डिझेल, हमाली, टोल. डिझेल आणि हमाली आपल्या हातात नाही, आणि टोलही नाही. पण तिसऱ्या रकान्यावर मामांचा पहिल्यापासून राग. डिझेल भरलं तर टाकी भरलेली दिसते, हमाली दिली तर माल उतरलेला दिसतो. टोल दिल्यावर काय दिसतं? कागदाची चिठ्ठी!

ती चिठ्ठी आठवते का? पातळ, घामानं विरघळणारी, आठवड्याभरात कोरी होणारी. आणि सुट्टे पैसे! कुठल्याही नाक्यावर जा, मागे हॉर्न वाजतायत, पुढचा ड्रायव्हर पाचशेची नोट काढून बसलाय, केबिनमधला माणूस म्हणतोय सुट्टे द्या. शेवटी पाच रुपयांच्या बदल्यात हातावर दोन गोळ्या. आमच्या मामेबहिणीचे दात त्या गोळ्यांनी किडले असं मामी अजून म्हणते.

आमच्या गल्लीतला एक दादा तेव्हा एका नाक्यावर केबिनमध्ये बसायचा. (कुठल्या ते लिहीत नाही, त्याला अजून नोकरी करायची आहे.) त्याला सेमिनारसाठी गाठलं तर म्हणाला, "लोकांस्नी वाटतंय आम्ही नुसतं पैसं मोजतोय. आरं, शिफ्ट संपली की आधी कॅश जुळवायची. कमी आली तर पगारातनं." मी विचारलं, "आणि जास्त आली तर?" तो हसला. "जास्त कधी येतच न्हाई लगा."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

आता थोडं इंजिनिअरिंग. मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटलं तरी चालेल, पण उलटू नका, सोपं आहे. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला जो टॅग असतो त्यात बॅटरी नसते. एक तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना, बस्स. मग तो बोलतो कुठल्या जिवावर? लेनच्या वर छपराला एक चपटी पेटी लटकवलेली असते, ती रीडरची अँटेना. ती खाली तिरकी रेडिओ लहरी सोडते. आपल्या देशात या कामाला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे. लहर येते, टॅग तिच्यातूनच ऊर्जा घेऊन जागा होतो आणि तीच लहर कमीजास्त परतवून आपला नंबर सांगतो.

शाळेत मागच्या बाकावर बसून आरशाच्या तुकड्यानं गुरुजींच्या टोपीवर कवडसा पाडायचा खेळ तुम्ही खेळला असालच. उजेड सूर्याचा, आपण फक्त आरसा हलवायचा. टॅग तेच करतो. स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. कवडसा म्हणजे एक, कवडसा नाही म्हणजे शून्य. याला बॅकस्कॅटर म्हणतात. परीक्षेत कवडसा लिहू नका, मार्क मिळणार नाहीत.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित करून बघितलं. परवानगी असलेली कमाल शक्ती ४ वॅट, अंतर ५ मीटर धरलं, टॅगचा अँटेना साधा डायपोल मानला, तर टॅगच्या वाट्याला येते साधारण एक तृतीयांश मिलिवॅट. आपल्या लॅबमधला एक एलईडी नीट पेटवायला याच्या पन्नासपटीहून जास्त लागते! ही सुद्धा आदर्श परिस्थिती. काचेवर धातूचा मुलामा असला, टॅग चुरगळला असला, किंवा कुणी तो काचेला न चिकटवता हातात धरून नाचवला, तर एवढीशी भीकही पोचत नाही. मग माणूस हातातलं मशीन घेऊन पळत येतो. म्हणून टॅग काचेच्या मध्यभागी, आरशाच्या मागे चिकटवायला सांगतात. ती शिस्त नव्हे, ती फिजिक्स आहे.

दोन गाड्या खेटून आल्या आणि दोन्ही टॅग एकदम बोलले तर? तर तोंडी परीक्षेसारखं. बाहेर सगळे एकदम "सर मी जाऊ का" म्हणायला लागले की सर म्हणतात, चिठ्ठ्या काढा. रीडर टॅगना सांगतो, मनात एक आकडा धरा. मग तो एकेक आकडा पुकारतो. दोघांनी एकच धरला असेल तर पुन्हा चिठ्ठ्या. ही पद्धत १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले तेव्हाच्या अलोहा नेटवर्कच्या घराण्यातली. पॅसिफिकमधल्या बेटांसाठी निघालेली युक्ती आता किणीच्या उसाच्या रानात चालते. या गोष्टीनं मी दोन दिवस खूष होतो.

कल्पना तर त्याहून जुनी आहे. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच वॉशिंग्टनच्या रस्त्यांसाठी गाडीत यंत्र बसवून पैसे घ्यावेत असं सुचवलं होतं. लोक हसले. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (ते वेगळ्या कामासाठी, पण मिळालं!) आपल्याकडे २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या समितीने बॅटरी नसलेला हा स्वस्त टॅग निवडावा असं सांगितलं, नाहीतर गाडीगाडीत महाग यंत्र बसवावं लागलं असतं. पुढे २०१६ मध्ये सगळ्या बँकांना जोडणारी एकच यंत्रणा आली आणि कुठल्याही बँकेचा टॅग कुठल्याही नाक्यावर चालायला लागला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गावरच्या सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या, टॅग नसेल तर दुप्पट. त्या आठवड्यात मामांनी टॅग लावला. "दुप्पट भरायला मी काय सावकार हाय व्हय?"

आता सरांचा प्रश्न. आपल्याला वाटतं, टॅग वाचला, बँकेला विचारलं, पैसे कापले, "मिळाले" असा निरोप आला आणि मग गेट उघडलं. तसं नाही. उत्तर आहे: गेट आधी.

आपल्या मेसवाल्या काकांचं बघा. काउंटरला त्यांचा मुलगा बसतो. तो प्रत्येकाला "पैसे दाखव" म्हणतो का? नाही. त्याच्यामागे भिंतीवर एक कागद चिकटवलाय, ज्यांचे पैसे थकलेत त्यांची नावं. तुमचं नाव त्यात नसलं की ताट. हिशेब काका रात्री करतात. टोलनाक्यावर वर्षानुवर्षं हेच चाललं. कुठल्या टॅगात पैसे कमी आहेत, कुठला बंद केलाय, कुठल्या गाडीला सूट आहे, अशी यादी नाक्यावरच्या संगणकाकडे थोड्या थोड्या वेळानं येत राहायची. टॅग वाचला, यादीत नाव नाही, गेट वर. व्यवहार त्यानंतर नाक्याच्या बँकेकडे, तिथून मधल्या यंत्रणेकडे, तिथून तुमच्या टॅगच्या बँकेकडे जातो. म्हणून मेसेज कधीकधी गाडी पेठ नाक्याला पोचल्यावर येतो.

यातच ती नेहमीची भांडणं होती. रांगेत उभं राहून रिचार्ज केला, मोबाईलवर पैसे दिसतायत, तरी गेट उघडत नाही. कारण भिंतीवरचा कागद जुना! २०२५ च्या फेब्रुवारीत याच्या नियमावरून बराच गोंधळ उडाला, तेव्हा महामार्ग प्राधिकरणाने खुलासा केला की राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके आता नव्या पद्धतीवर आहेत. टॅग चालू आहे की बंद हे त्या क्षणी विचारलं जातं, त्यामुळे नाका ओलांडायच्या आधी केव्हाही रिचार्ज केलेला चालतो. काही राज्यमार्गांवरचे नाके मात्र तेव्हा जुन्या यादीवरच होते. पण नव्या पद्धतीतही विचारतात ते एवढंच, 'हा टॅग चालू आहे ना?' पैसे मागाहूनच.

म्हणजे बघा, अख्खी यंत्रणा उधारीवर चालते! यंत्र म्हटलं की आपल्याला संशयी कारकून डोळ्यासमोर येतो. इथं यंत्र तुम्हाला आधी जाऊ देतं. केबिनमधला माणूस कधी देत नव्हता. मामांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, "टोलवालं आन् उधार?"

सेमिनारचा विषय खरं तर इथं संपला होता. पण मला जास्त आवडलेला भाग पुढचाच आहे, आणि तो पैशाचा नाही, मोजण्याचा आहे.

पुढच्या वेळी नाक्यावरून जाल तेव्हा लेनमध्ये रस्त्यावर चौकोनी काप दिसतात ते बघा. त्यात तारेची वेटोळी पुरलेली असतात. वरून लोखंड गेलं की वेटोळ्याचा इंडक्टन्स बदलतो आणि संगणकाला कळतं, गाडी आली. पुढे दोन बाजूंना खांब असतात, त्यांच्यामधून अदृश्य किरणांचा पडदा. तो गाडीची उंची आणि आकार बघतो. चाकांच्या जोड्या किती तेही मोजलं जातं. त्यावरून यंत्र ठरवतं, ही कार, हा ट्रक, हा बारा चाकी. मग टॅग काय म्हणतो ते ताडून बघतं. कारचा टॅग लावून ट्रक आला तर चोरी लगेच उघडी पडते. वरून कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो. म्हणजे एका गाडीचे तीन साक्षीदार: टॅग, किरणं, कॅमेरा. तिघांनाही वेळ सेकंदासकट माहीत.

आता कोल्हापूरकरांना टोल म्हटल्यावर काय आठवतं ते सांगायला नको. किणीचा नाका हायवेवरचा, तो वेगळा. पण शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगीकरणातून करून शहराच्या वेशींवर नाके उभे केले, आणि त्याविरुद्ध सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत नाके जळाले, आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारने टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं. पानसरे त्या दिवशी नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. ऐंशी ओलांडलेले एन. डी. सर मोर्चात चालताना आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी बघितलेत.

आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत. त्यामुळे मला ते आंदोलन 'पैसे द्यायचे नाहीत' एवढंच वाटायचं. यंदा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं काढून बसलो तेव्हा दिसलं की मागणीचा मोठा भाग मूल्यांकनाचा होता. रस्ते किती झाले, कसे झाले, खर्च किती, तो मोजा आणि सांगा. फुकट मागणारी माणसं मोजमाप मागत नाहीत. मामांचा तिसऱ्या रकान्यावरचा रागही हाच आहे. पैसे जातात त्याचं दुःख आहेच, पण दिलेलं कुठं दिसत नाही याचं जास्त. नाणेघाटात तो मोठा दगडी रांजण आहे ना, जकातीच्या नाण्यांचा म्हणून दाखवतात तो? निदान तो रांजण भरलेला दिसत तरी असेल!

चिठ्ठीच्या काळात गाड्या किती गेल्या हे शेवटी केबिनमधल्या माणसाच्या बोटांवर होतं. दादाचं "जास्त कधी येतच न्हाई" हे त्या काळाचं वाक्य. आता तीन साक्षीदार आहेत. म्हणून माझ्या मते फास्टॅग हे पैसे घेण्याचं यंत्र नंतर, आधी ते मोजण्याचं यंत्र आहे. वेळ वाचतो, डिझेल वाचतं, हे सगळं खरं. पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर मोजणी ही खरी कमाई.

याचा अनुभव घरातच आला. एका नाक्यावर (नाव राहू दे) पहाटे मामांचा टॅग वरच्या रीडरला वाचता आला नाही. पोरगा हातातलं मशीन घेऊन आला, टॅग वाचला, गेट उघडलं. दिवस उजाडल्यावर मोबाईलवर दोन मेसेज. दोन्ही त्याच नाक्याचे. मामांनी मला हॉस्टेलवर फोन केला. माझं दुसऱ्या दिवशी सबमिशन! "आरं, एकदाच गेलोय मी. वहीत लिवलंय बघ, तीन वाजून बारा मिनिटं. मी काय तिथं गोल गोल फिरत हुतो व्हय?"

खात्याचा उतारा काढला. पहिला व्यवहार तीन वाजून बारा मिनिटांचा. दुसरा त्यानंतर दीड मिनिटाचा, लेन तीच. मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही काही बोलू नका, हे दोन आकडेच बोलतील." भाजीनं भरलेला छोटा हत्ती दीड मिनिटात मागे वळून पुन्हा त्याच लेनमध्ये कसा येईल? १०३३ या हेल्पलाइनवर तक्रार केली, टॅगच्या बँकेला उतारा आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सतरा दिवसांनी पैसे परत आले. रक्कम एका जेवणाचीही नव्हती. पण मामांनी वहीत लाल शाईनं लिहिलं, 'टोल परत'. धंद्यात उतरल्यापासून त्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी उलट दिशेनं आलं होतं. चिठ्ठीच्या काळात हे कुणाला सिद्ध करून दाखवणार होतात?

जाता जाता दोन नियम, तुमच्या घरी गाडी असेल तर उपयोगी. टॅग चालू आहे, पैसे आहेत, पण नाक्याचंच यंत्र बिघडलंय, तर पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रुपयांची पावती द्यायची, असा नियम ७ मे २०१८ चा आहे. वाद न घालता ती पावती मागा. आणि शंभर मीटरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे रांग गेली की टोल माफ, हा जो मेसेज अजून फिरतो, ती सूचना २०२१ मधली होती, २०२४ मध्ये ती मागे घेतली. त्यावरून भांडू नका, तोंडघशी पडाल.

मात्र सगळंच गोड आहे असंही नाही. मोजलं जातं हे खरं, पण मोजलेलं आपल्याला दिसतं कुठं? प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाक्यांची माहिती असते, पण मामा काही पहाटे तीनला संकेतस्थळ उघडत नाहीत. नाक्यावर दरांची भली मोठी पाटी असते. तिच्याच शेजारी एक एलईडी बोर्ड लावायला काय हरकत आहे? काल किती गाड्या गेल्या, किती जमले, रस्त्याचे अजून किती फिटायचे आहेत. तसला बोर्ड आपल्या सेकंड इयरची पोरं एका रात्रीत करून देतील. आकडे नाक्याच्या संगणकात आधीच आहेत. २०२४ मध्ये रुंदीकरणामुळे उखडलेल्या रस्त्यावरून लोक किणीला आंदोलनाला बसले, तेव्हाही 'रस्ता नीट नाही तर टोल कसला' हाच सवाल होता. तोही शेवटी हिशेबाचाच.

आणि दुसरं, सवलती कुणाला? १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास निघाला, सुरुवातीला ३००० रुपयांत २०० फेऱ्या. तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. मामांचा हत्ती मालवाहू, त्याला नाही. वर्षातून चारदा महाबळेश्वरला जाणाऱ्याला पास आणि आठवड्यातून चारदा कोबी नेणाऱ्याला नाही, हे मला काही पटलेलं नाही. सर म्हणाले, हा मुद्दा तांत्रिक सेमिनारमध्ये येत नाही. असो. इथं येतो.

दादाचं काय झालं? केबिनमध्ये आता सुट्टे पैसे नाहीत, गोळ्या नाहीत. तो लेनमध्ये हातातलं मशीन घेऊन उभा असतो, न वाचलेले टॅग वाचतो. कॅश जुळवायची भीती गेली, ऊन वाढलं. आता तर गेटच काढून टाकायच्या गोष्टी चालल्यात. गाडी वेग कमी न करता कमानीखालून जाईल, वर रीडर आणि कॅमेरे, गेट नाही, केबिन नाही. २०२५ मध्ये याच आपल्या ४८ नंबरच्या महामार्गावर, पण पार गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी तसा करार झाला. दादा म्हणतो, "ते कवातरी हितंबी येणारच. मग मी मशीन दुरुस्तीचं शिकावं म्हणतो. तुमच्या कॉलेजात काय कोर्स हाय का बघ." मी एचओडी सरांना विचारलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅब मोकळी असते, बघू म्हणालेत.

दादानंच मग एक प्रश्न टाकला, ज्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काय असतं, तुम्ही बघताच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं अशा भरलेल्या की मागून नुसतं हिरवं डोंगर दिसावं. ट्रॅक्टरला नियमानं टोल नाही. आज तो नाक्यावर आला की पोरगं बघतं, ट्रॅक्टर आहे, बटण दाबून सोडतं. गेटच नसेल तेव्हा? किरणांच्या पडद्याला त्या चाकांच्या जोड्या मोठ्या ट्रकसारख्या वाटणार, टॅग नाहीच, आणि ट्रॉलीची नंबर प्लेट उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली. "तुमच्या त्या कॅमेऱ्याला ऊस वळकाय येतोय का?" दादा विचारत होता.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी मला रूमवर येऊन भेटावं. हंगाम सुरू झाला की फोटो काढायला वाठारच्या पुलाखाली उभं राहायचं आहे, आणि दोघं तरी लागतील.